शिरोरेषा सरळ होईपर्यंत

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "काकू, सोळाव्या पानावर 'वंश'मध्ये अनुस्वार घाला अशी खूण केलीय तुम्ही. पण अनुस्वार आहे की तिथं."

मी पान घेऊन खिडकीशी गेले. शब्द 'वश' होता. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, 'वश'च. मग कसं कोण जाणे, हात डोळ्यावर गेला. उजवा डोळा झाकला तर डाव्या डोळ्याला अनुस्वार स्वच्छ दिसला. डावा झाकला की तो गायब. आणि नुसता अनुस्वारच नाही, त्या ओळीची शिरोरेषा मधोमध वाकली होती, वाळत घातलेल्या ओल्या चादरीनं दोरी झुकावी तशी. ओळीच्या दोन्ही टोकांची अक्षरं बरी दिसत होती, पण मी ज्या शब्दाकडे बघेन नेमका तोच धुरकट. नजर पुढे सरकली की ती धुरकट जागाही सरकायची.

एकतीस वर्षं मी प्रुफं वाचतेय. खिळे जुळवायच्या काळात शिरोरेषा तुटायची, खालीवर व्हायची. संगणकावरच्या अक्षरांत ती वाकत नाही. त्यामुळं दोष कागदात नाही, डोळ्यात आहे, हे मला तिथंच कळलं आणि पोटात गोळा आला. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.

पोटात गोळा यायला कारण होतं. माझी आई काचबिंदूनं शेवटची दहा-बारा वर्षं जवळजवळ आंधळी होऊन वारली. तिचा काचबिंदू कळला तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटी ती मला आवाजावरून ओळखायची आणि उंबरठ्यापाशी आली की चौकट चाचपून मग पाऊल टाकायची. म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी माझ्याही डोळ्यांचा दाब २४ निघाला, तेव्हा डॉक्टरांनी दिलेला थेंब मी जपमाळेसारखा धरला. लॅटानोप्रोस्ट. रोज रात्री नऊ वाजता दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. नवी बाटली फ्रिजमध्ये, उघडलेली बाहेर, सहा आठवड्यांनी टाकून द्यायची. दाब १५-१६ वर आला आणि तिथंच राहिला. सहा वर्षांत मी तो थेंब चार वेळाही चुकवला नसेल. पापण्यांचे केस लांब झाले, डोळ्यांखालची कातडी काळवंडली. डॉक्टर म्हणाले, थेंबाचाच परिणाम आहे, घाबरू नका. मी घाबरले नव्हतेच. आईला मिळाला नाही तो पहारेकरी मला मिळाला होता.

मग मोतीबिंदू पिकला आणि ज्येष्ठात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. "पंधरा-वीस मिनिटांचं काम," असं सांगितलं होतं. मला आत पाऊण तास तरी लागला असावा. डोळा बधिर होता, पण कान जागे होते. मध्येच डॉक्टरांचा आवाज बदलला, त्यांनी सिस्टरकडे दुसरी लेन्स मागितली, कसलं तरी यंत्र पुढे ओढल्याचा आवाज झाला. बाहेर आल्यावर मी विचारलं तर सहायक म्हणाला, "थोडं अवघड होतं, पण लेन्स छान बसलीय." मी सुखावले आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा जे दिसलं ते कसं सांगू? ओट्यामागच्या फरशा पांढऱ्या आहेत हे मी विसरूनच गेले होते. इतकी वर्षं त्या मला साईच्या रंगाच्या दिसत होत्या. आठवड्यानं तक्त्यावर ६/९ पर्यंत वाचलं, पूर्ण नजर म्हणजे ६/६. ऑपरेशननंतरचे थेंब चार आठवडे होते, ते कमी कमी करत संपवले. काचबिंदूचा थेंब चालू आहे हे मी सांगितलं होतं. "तो चालू ठेवा," म्हणाले. ठेवला.

आणि थेंब संपले त्याच्या पुढच्या आठवड्यात हा 'वंश'चा 'वश' झाला.

जिथं ऑपरेशन झालं तिथं दुसऱ्याच दिवशी गेले. चष्म्याचे नंबर लावून बघितले. कुठल्याच काचेनं उजवा डोळा ६/२४ च्या पुढं जाईना. "नंबर अजून स्थिर व्हायचाय, वयाप्रमाणं वेळ लागतो, दोन आठवड्यांनी या," असं सांगून मला परत पाठवलं. मी रेषा वाकडी दिसते असं दोनदा म्हणाले. केसपेपरवर ते लिहिलं गेलं नाही. त्या माणसांनी मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही, रांग बाहेर जिन्यापर्यंत होती. पण वाकडी रेषा हे नंबरचं लक्षण नव्हे. नंबर चुकला तर अक्षर पुसट होतं, सरळ ओळ वाकत नाही. हे मला नंतर कळलं, आणि ज्यांना तेव्हा कळायला हवं होतं त्यांनी ऐकलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

संध्याकाळी काचबिंदूच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले, "डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा, उद्याच. आणि जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या बरोबर न्या."

पावसाचे दिवस. आम्ही सांगलीकर या दिवसांत सकाळी उठून पहिला प्रश्न विचारतो, "आयर्विनला किती झालं?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात, धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या घरात छातीइतकं आलं होतं. तेव्हापासून फूट-इंच हा आमच्या रोजच्या बोलण्यातला विषय आहे. आम्ही दोघं मिरजेच्या बसमध्ये बसलो तेव्हाही मागच्या बाकावर तीच चर्चा चालू होती. मी डावा डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघत होते. गज मधोमध आत ओढल्यासारखे दिसत होते.

मिरजेच्या डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्या मुलाच्या वयाच्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले, अर्धा तास बसवलं, मग ओसीटीच्या, म्हणजे प्रकाशानं पडद्याचा छेद टिपणाऱ्या यंत्राशी नेलं. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि आतल्या खुणेकडे बघायचं. मला ती खूणच नीट दिसेना. दोन मिनिटांत चित्र आलं.

बाईंनी आधी डाव्या डोळ्याचं चित्र दाखवलं. पडद्याचा आडवा छेद. थरावर थर आणि बरोबर मध्यभागी छोटीशी वाटीसारखी खोल जागा. "काकू, या खळगीनं आपण वाचतो." मग उजव्या डोळ्याचं दाखवलं. खळगी नव्हतीच. त्या जागी टेकडी उभी होती आणि टेकडीच्या पोटात काळ्या काळ्या पोकळ्या. पाणी साठलेल्या. मध्यभागाची जाडी ४८६ मायक्रॉन. डाव्या डोळ्याची २५८.

"भिंतीत ओल मुरली की गिलावा फुगतो ना, तसं झालंय," बाई म्हणाल्या. २०१९ नंतर आमच्या घराच्या भिंतींचं काय झालं होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. गिलावा फुगून त्यावर हात ठेवला की आत पोकळ लागायचा. पाणी ओसरलं तरी ओल जायला सात-आठ महिने लागले होते. मला अजून काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

मग त्यांनी डिस्चार्ज कार्ड मागितलं. त्यावर एका कोपऱ्यात इंग्रजीत तीन अक्षरं होती, पी.सी.आर. मी ती वाचली होती. कोरोनात ऐकलेली तपासणी असेल असं समजून पुढं गेले होते. बाईंनी सांगितलं की भिंगाची जी नैसर्गिक पिशवी असते तिचा मागचा पापुद्रा ऑपरेशनच्या वेळी फाटला होता, ही ती नोंद. कुशल हातांतही कधी कधी असं होतं, आणि पुढचं काम नीट केलेलं होतं, लेन्सही चांगली बसली होती. पण पापुद्रा फाटलेल्या डोळ्यात पडद्याला सूज येण्याचा धोका वाढतो. एवढं एक वाक्य मला त्या दिवशी कुणी सांगायला हवं होतं. पिशवी फाटली यासाठी मी कुणाला बोल लावत नाही. ती फाटली हे माझ्यापासून तीन अक्षरांत राहिलं, त्याचं वाईट वाटतं.

"आता बाटल्या दाखवा."

मी कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. संपलेल्या, अर्ध्या, चालू, सगळ्या. त्यांनी एकेक उचलून बाजूला ठेवली आणि सगळ्यांत लहान बाटली हातात धरली. माझा पहारेकरी.

"ही उजव्या डोळ्यात अजून चालू आहे?"

"रोज. एक दिवस चुकवली नाही."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून काढलं, कारण ते मला फार महत्त्वाचं वाटलं. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं असतात. कुठं जखम झाली की ती सुटतात आणि सूज आणतात. डोळ्याच्या ऑपरेशननंतरही सुटतात, आणि मागं पडद्यापर्यंत पोहोचली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. म्हणूनच ऑपरेशननंतर सूज उतरवणारे थेंब देतात, ते ही रसायनं तयारच होऊ देत नाहीत. आणि लॅटानोप्रोस्ट? ते त्याच कुळातलं औषध. त्या रसायनाच्या घडणीवरूनच बनवलेलं. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची मागची वाट ते मोकळी करतं, म्हणून दाब उतरतो. म्हणजे पहिले चार आठवडे मी दिवसा एका बाटलीनं जे थांबवत होते, त्याच्याच भावंडाला रात्री नऊ वाजता दुसऱ्या बाटलीतून आत घेत होते. दिवसाची बाटली संपली आणि रात्रीची एकटी राहिली.

"मग या थेंबानंच सूज आली?" ह्यांनी विचारलं.

बाईंनी सरळ उत्तर दिलं आणि ते मला आवडलं. म्हणाल्या, "तसं छातीठोक नाही सांगता येणार, काका. नुसत्या ऑपरेशननंही सूज येते, ती चार-सहा आठवड्यांनीच वर येते. पापुद्रा फाटलेल्या डोळ्यात जास्त येते. हा थेंब हजारो लोक मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घालतात, त्यांना काही होत नाही. पण काकूंच्या डोळ्यात धोक्याच्या दोन गोष्टी एकत्र आल्यात. पापुद्रा मी शिवू शकत नाही. थेंब काढू शकते."

या सुजेला दोन डॉक्टरांचं नाव आहे हेही त्यांनीच सांगितलं. आयर्विन यांनी १९५३ मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या या त्रासाचं वर्णन केलं आणि गॅस यांनी १९६६ मध्ये नॉर्टन यांच्याबरोबर रंगद्रव्य टोचून फोटो काढले आणि पाझर कुठून होतो ते दाखवलं. म्हणून आयर्विन-गॅस. मी आणि ह्यांनी एकमेकांकडे बघितलं. पुलाचे आयर्विन साहेब वेगळे, इंग्रजीत स्पेलिंगही वेगळं, पण देवनागरीत दोघं एकच. त्या क्षणी मला ते नाव ओळखीचं वाटलं आणि का कोण जाणे, थोडा धीर आला.

तो रंगद्रव्याचा फोटो माझाही काढला. दंडात नारिंगी औषध टोचलं, काही क्षण मळमळलं, मग अंधाऱ्या खोलीत निळ्या प्रकाशाचे झपाके. दिवसभर कातडी पिवळी आणि लघवी गर्द पिवळी झाली होती, ते आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. फोटोत डोळ्याच्या मध्यबिंदूभोवती एक फूल उमललेलं दिसत होतं, पाकळ्या स्पष्ट. प्रत्येक पाकळी म्हणजे साठलेलं पाणी. इतकं सुबक चित्र आणि अर्थ एवढा वाईट, हे बघून मला रडू आलं.

पण खरी अडचण पुढं होती. थेंब काढायचा म्हणजे दाब वाढणार. दाब वाढला तर डोळ्यातून मेंदूकडे जाणारी मागची नस जाणार, आईची गेली तशी. मी बाईंना म्हणाले, "हा थेंब बंद करायचा म्हणजे माझ्या हातातली काठी काढून घेण्यासारखं आहे." त्यांनी लगेच माझ्या काचबिंदूच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघं माझ्यासमोर बोलले. उजव्या डोळ्यात लॅटानोप्रोस्ट बंद, त्याच्या जागी डॉर्झोलामाइड आणि टिमोलॉल एकत्र असलेला थेंब सकाळ-संध्याकाळ. त्याआधी दमा आहे का विचारलं आणि नाडी मोजली, कारण टिमोलॉलनं दमेकऱ्याला त्रास होतो आणि नाडी मंदावते. सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का तेही विचारलं, ते डॉर्झोलामाइडसाठी. डावा डोळा ऑपरेशनचा नव्हता, त्यात लॅटानोप्रोस्ट पहिल्यासारखंच रात्री. शिवाय उजव्या डोळ्यात नेपाफेनॅक हा सूज उतरवणारा थेंब तीन वेळा आणि प्रेडनिसोलोन हा स्टिरॉइडचा थेंब चार वेळा. "स्वतःहून काचबिंदूचा कुठलाही थेंब बंद करायचा नाही," हे त्यांनी मला जाताना पुन्हा बजावलं. "बदलायचा असेल तर आम्ही बदलू."

अशी आमच्या स्वयंपाकघरात थेंबांची गडबड सुरू झाली. ती इथं नीट सांगते, कारण याचा नेम चुकला की बाकी सगळं फुकट जातं. उजव्या डोळ्याच्या बाटल्यांना मी लाल दोरा बांधला, डाव्याच्या बाटलीला पांढरा. लॅटानोप्रोस्ट चुकून उजव्या डोळ्यात जाऊ नये म्हणून ती ओट्यावरून हलवून देवघराच्या फळीवर ठेवली. प्रेडनिसोलोन पांढरट असतं, तळाशी बसतं, ते चांगलं हलवून घ्यावं लागतं. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं हवीत, नाहीतर दुसरा पहिल्याला वाहून नेतो. मी खुर्चीत मान मागं टाकून बसायची, हे खालची पापणी ओढून त्या खोबणीत एक थेंब सोडायचे आणि मग मी डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायची. पूर्ण दोन मिनिटं. पहिल्या दिवशी हे केलं नाही तर डॉर्झोलामाइड घशात उतरलं आणि तासभर तोंड कडू झालं, चहाही कडूच लागला. बोट दाबायला लागल्यावर ते थांबलं. औषध घशात न जाता डोळ्यात राहतं आणि टिमोलॉल अंगात कमी जातं. दारामागच्या कालनिर्णयवर दुधाच्या नोंदीच्या जागी ह्यांनी थेंबांच्या बरोबरच्या खुणा करायला सुरुवात केली. दिवसाला नऊ खुणा उजव्या डोळ्याच्या, एक डाव्याची.

बाईंनी एक चौकटीचौकटींचा कागदही दिला होता, मध्ये ठिपका असलेला. तो फ्रिजच्या दारावर लावला. रोज सकाळी चष्मा लावून, एक डोळा झाकून, वाचायच्या अंतरावरून ठिपक्याकडे बघायचं आणि कुठल्या रेषा वाकतात ते पेन्सिलीनं गिरवायचं. पहिल्या दिवशी ठिपक्याभोवतीच्या आठ-दहा चौकटी आत खेचल्या गेल्या होत्या. रोजचा कागद तारीख घालून ठेवला.

कामाचं काय करायचं? दोन अंकांच्या संपादकांना फोन करून प्रुफं परत पाठवली. पहिल्यांदाच. तिसरा अंक मात्र ठेवला, कारण ह्यांनी हट्ट धरला. साखर कारखान्याच्या हिशेबखात्यात आयुष्य गेलेला माणूस. रोज दुपारी माझ्यासमोर बसून मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा, "स्वल्पविराम, अवतरण सुरू, दीर्घ वेलांटी," सगळं उच्चारून. मी संगणकाच्या पडद्यावर अक्षर मोठं करून डाव्या डोळ्यानं तपासायची. पूर्वी छापखान्यात असंच दोघांनी वाचायची पद्धत होती. तीन आठवडे आम्ही असं वाचलं. त्या अंकातल्या चार कथा मला तोंडपाठ झाल्या आहेत.

सात ऑगस्टला पुन्हा मिरज. जाडी ४२१. मी आनंदानं ह्यांचा हात धरला. आणि मग दाब मोजला. २८.

हीच ती कात्री. सुजेवरचं औषध म्हणजे स्टिरॉइड, आणि स्टिरॉइडनं काही डोळ्यांचा दाब वाढतो. काचबिंदूच्या डोळ्यांत तर ती शक्यता आणखी जास्त. पडदा वाचवायला जावं तर नस धोक्यात, नस सांभाळावी तर पडदा सुजलेला. मी खुर्चीत बसल्या बसल्या आईचा चौकट चाचपणारा हात आठवत होते. बाईंना विचारलं, दुसरीकडे डोळ्याच्या मागं इंजेक्शन देतात असं ऐकलं, ते देता का? त्या म्हणाल्या, "तेही स्टिरॉइडच. थेंब उद्या बंद करता येतो, काकू. मागं सोडलेलं औषध महिनोन् महिने आत राहतं, दाब वाढला तर काढून घेता येत नाही. तुमच्या डोळ्यानं आत्ताच सांगितलंय की त्याला स्टिरॉइड सोसत नाही." हे मला पटलं. घाईनं दिलेल्या इंजेक्शनापेक्षा ही सावधगिरी मला जास्त धीराची वाटली.

त्यांनी प्रेडनिसोलोन टप्प्याटप्प्यानं उतरवून त्याच्या जागी लोटेप्रेडनॉल हा सौम्य थेंब दिला, नेपाफेनॅक तसंच ठेवलं, आणि दहा दिवसांसाठी असेटाझोलामाइडच्या गोळ्या लिहून दिल्या. मूतखडा झाला होता का विचारलं, किडनीची तपासणी करून घेतली. या गोळीनं दाब उतरतो आणि पडद्यामागचा थर साठलेलं पाणी जोरानं उपसून टाकतो, म्हणजे दोन्हीकडून मदत. ती आणि डॉर्झोलामाइड एकाच जातीची औषधं, म्हणून ते दहा दिवस डॉर्झोलामाइड-टिमोलॉलचा एकत्र थेंब थांबवून नुसतं टिमोलॉल.

ते दहा दिवस जड गेले. बोटांच्या टोकांना आणि ओठांना सतत मुंग्या, सारखी लघवी, अंगात त्राण नाही. सोड्याची बाटली उघडून तोंडाला लावली तर लोखंड चाटल्यासारखी चव. अशक्तपणा वाटू नये म्हणून रोज शहाळं आणि केळं. बाहेर धो धो पाऊस. एका रात्री आयर्विनला पाणी ३८ फुटांवर गेलं तेव्हा गल्लीतल्या लोकांनी सामान माळ्यावर टाकायला सुरुवात केली. आम्ही आधी थेंबांची पिशवी वर ठेवली, मग कागदपत्रं. पाणी पुढं चढलं नाही. सकाळी उतरायला लागलं.

सतरा ऑगस्टला दाब १८, जाडी ३७२. सप्टेंबरच्या मध्याला ३०९. मग ते आकडे हळूहळू खाली येत राहिले, आणि जास्त काही सांगण्यासारखं नाही. रोज तेच थेंब, तेच बोट दाबणं, कालनिर्णयचं पान उलटलं की नव्या खुणा. नेपाफेनॅक एकूण साडेतीन महिने घातलं. लोटेप्रेडनॉल पितृपंधरवड्यात संपलं. उजव्या डोळ्यात लॅटानोप्रोस्ट पुन्हा घातलंच नाही, डॉर्झोलामाइड-टिमोलॉलवर दाब १६ राहतोय.

मला सुधारणा यंत्रावर नाही, फ्रिजच्या दारावर आधी कळली. कोजागिरीच्या दोन दिवस आधी सकाळी चहा ठेवून मी डावा डोळा झाकला आणि ठिपक्याकडे बघितलं. वरच्या रेषा सरळ होत्या. खालची एकच रेषा, ठिपक्याच्या किंचित डावीकडे, जराशी दबलेली. पेन्सिल हातात होती, पण गिरवायला काही राहिलं नव्हतं. मी तशीच उभी होते. चहा उतू गेला.

ऑक्टोबरअखेर ओसीटी २७४. चित्रात वाटी परत आली होती, डाव्या डोळ्याइतकी खोल नाही, पण आली होती. तक्त्यावर ६/९. ती एक रेषा अजून थोडी दबलेलीच आहे. बाई म्हणाल्या, ती कदाचित तशीच राहील, पण वाचायला आड येणार नाही. येत नाही. अंक छापून आला तेव्हा ज्या कथेत 'वंश' होता ते पान मी उजव्या डोळ्यानं वाचलं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आता पौषात ठरलंय. या वेळी मी दोन्ही डॉक्टरांकडून आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडून आधीच लिहून घेतलंय. नेपाफेनॅक ऑपरेशनच्या तीन दिवस आधी सुरू, नंतर चार आठवड्यांवर थांबवायचं नाही. डाव्या डोळ्याचं लॅटानोप्रोस्ट त्याआधीच बदलायचं. स्टिरॉइड चालू असताना दर आठवड्याला दाब मोजायचा. पाचव्या आठवड्यात मला बरं दिसत असलं तरी ओसीटी करायचं. आणि आत काहीही अवघड झालं तर ते मला मराठीत सांगायचं. शेवटची ओळ मी घातली, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी तिच्याखालीही सही केली.

तो कागद बाटल्यांच्या पिशवीत ठेवलाय. लाल दोरा आणखी एक कापून ठेवलाय.